वैराळे बाईंच्या पत्राचा ठराव

अच्युत लाटकरांनी ज्या पत्राला सतरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं, ते पत्र सोमवारी विधानसभेच्या कामकाजपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला लागलं. सहाव्या क्रमांकाला पाणंद रस्त्यांचं विधेयक होतं आणि आठव्याला चहापान.

लाटकरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. सकाळी ते जुन्या शब्दकोशाला कव्हर घालत बसले असताना विधिमंडळाचा शिपाई दारात आला आणि म्हणाला, साहेब, तुमची पाळी आहे. आपण आता नोकरीत नाही, हे त्याला सांगावं असं लाटकरांच्या मनात आलं. मग वाटलं, वर्षं मोजण्यात आपलीच काहीतरी चूक झाली असेल. त्यांना नेहमी तसंच वाटायचं. त्यांनी दोन पेन्सिली तासल्या, कोट चढवला आणि निघाले.

लाटकर प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जाईल ते लघुलिपीत शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. प्रतिवेदकांचं टेबल अध्यक्षांच्या आसनासमोर, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या अगदी मधोमध असतं. एकाने दहा मिनिटं लिहायचं, मग दुसऱ्याने बसायचं. पण दुसरा दहाव्या मिनिटाला येत नाही, नवव्याला येतो. शेवटचं एक मिनिट दोघं शेजारी बसून तेच शब्द लिहितात, म्हणजे सांध्यातून काही गळत नाही. एकोणीस वर्षं लाटकरांची पाळी घ्यायला प्रमिला वैराळे येत असत. त्या एका मिनिटात बोलायची सोय नव्हती. बाई लिहिता लिहिताच वहीच्या समासात दोन शब्द टाकायच्या आणि वही जराशी लाटकरांकडे वळवायच्या. ‘खोकला आहे ना, मग पंख्याखाली बसू नका.’ किंवा, ‘मंत्र्यांनी गेल्या वर्षीही हेच उत्तर दिलं होतं, स्वल्पविरामासकट.’ लाटकरांनी समासात कधी काही लिहिलं नाही. लिहावंसं फार वाटे, पण मनासारखं वाक्य जुळेपर्यंत मिनिट संपून जाई.

पुढे बाई निवृत्त होऊन परतवाड्याला गेल्या आणि तिथून त्यांचं पत्र आलं. ‘लाटकर, स. न. वि. वि. इथलं घर एकटीला मोठं आहे. पुढच्या खोलीत तुमची पुस्तकं मावतील, मी माप घेतलं आहे. तुम्ही येता का? होय किंवा नाही, एवढंच कळवा. निबंध नको.’

लाटकरांनी उत्तराचे एकतीस खर्डे केले. ‘होय’ फार उतावीळ दिसे. ‘नाही’ तर धडधडीत खोटं होतं. या दोन्हींच्या मधलं काही सापडतंय का हे बघण्यात सतरा वर्षं निघून गेली.

सभागृहात चौऱ्याण्णव सदस्य एका बाजूला होते आणि चौऱ्याण्णव दुसऱ्या. अधिवेशन सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. एखादा रुसून पलीकडे गेला, की पलीकडचा कुणीतरी, का ते त्याचं त्यालाही न कळता, उठून अलीकडे येऊन बसे. प्रत्येक ठरावाला मतं समसमान पडत, आणि मतं समसमान पडली की सभागृह थोडं लहान होई. भिंती आवाज न करता आत सरकत. दारही त्याच मापाने कमी होई. सोमवारी लाटकरांना आत शिरताना वाकावं लागलं.

ते जागेवर बसले आणि लिहू लागले. दहा मिनिटं झाली, कुणी आलं नाही. वीस झाली. शेजारची खुर्ची रिकामीच होती, आणि ती रिकामी आहे तोवर उठता येत नाही हे त्यांना माहीत होतं.

तिसऱ्या विषयाला मतं समसमान पडली तेव्हा दोन्हीकडच्या पहिल्या बाकांवरचे गुडघे त्यांच्या टेबलाला टेकले. डाव्या हाताला सोनटक्के होते, सत्ताधारी पक्षाचे प्रतोद. उजव्या हाताला विरोधकांचे प्रतोद लोणारे. आपापली माणसं मोजून ठेवणं हे दोघांचंही काम, आणि तीस वर्षांत दोघांनी एकमेकांविषयी एकही चांगला शब्द काढला नव्हता. आता सोनटक्क्यांचं कोपर लोणाऱ्यांच्या फाइलवर होतं. लोणाऱ्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, चिमूटभर मळली आणि जागा नव्हती म्हणून अर्धी सोनटक्क्यांच्या तळहातावर ठेवली.

“अध्यक्षांना दिसेल,” सोनटक्के पुटपुटले.

“मग त्यांनाही द्या,” लोणारे म्हणाले.

लाटकरांनी हे उतरवून घेतलं नाही. बसल्या जागेवरची कुजबुज कार्यवृत्तात जात नाही.

पाणंद रस्त्यांवर मतं पडल्यावर मागचे बाक पुढच्या बाकांवर चढले. अध्यक्षांनी पाय वर घेऊन आसनावर मांडी घातली, चष्मा सारखा केला आणि सातवा विषय पुकारला. “श्रीमती प्रमिला वैराळे यांच्या पत्रास श्री. अच्युत लाटकर यांनी उत्तर द्यावे, अशी शिफारस ही विधानसभा करीत आहे.”

लाटकरांचे कान तापले. हात मात्र लिहीत राहिला, कारण हाताला तेवढंच माहीत होतं.

सोनटक्के ठरावाच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं, सरकारी कचेरीतसुद्धा अर्जाला कधी ना कधी उत्तर जातं, आणि हे तर साधं घरगुती पत्र आहे. लोणाऱ्यांनी विरोध केला. उत्तर देऊच नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण इतक्या उशिरा ते गेलं तर बाईंना कळेल की पोस्टाची काही चूक नव्हती, सगळी चूक या गृहस्थांचीच होती; त्यापेक्षा पोस्टावर खापर राहिलेलं काय वाईट. यावर दोन्ही बाजूंनी बाक वाजले. लाटकरांना दोघांचंही पटत होतं. त्यांनी दोघांचंही जसंच्या तसं लिहिलं.

मग मेळघाटाकडच्या सदस्या अनसूया कास्देकर उभ्या राहिल्या, म्हणजे जितकं उभं राहता येत होतं तितक्या.

“अध्यक्ष महोदय,” त्या म्हणाल्या, “बाई आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. पुढच्या खोलीत त्यांनी सागवानी कपाटं करून घेतली आहेत. सहा. सगळी रिकामी. दर दिवाळीला स्वतः फडकं मारतात. मी एकदा विचारलं, बाई, यात ठेवायचं काय आहे? तर म्हणाल्या, ते ठरायचं आहे.”

लाटकरांनी ‘ते ठरायचं आहे’ लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी दुसरी पेन्सिल घेतली.

दोन मिनिटं घंटा वाजली. मतदानाला बाहेर जायला जागा उरली नव्हती, म्हणून हात वर करायचे ठरले, आणि ज्याचा हात त्याच्याच डोक्यावर आहे ना हे दोनदा तपासावं लागलं. बाजूने चौऱ्याण्णव. विरुद्ध चौऱ्याण्णव.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मतं समसमान आहेत. अशा वेळी अध्यक्षांनी मत द्यायचं ते, आहे ते तसंच राहावं म्हणून द्यायचं, ही प्रथा आहे. ठराव फेटाळला जाईल. फेटाळलेला विषय या सभागृहापुढे पुन्हा येत नाही. मला हे बरं वाटत नाही, लाटकर. पण प्रथा आहे.”

सगळे लाटकरांकडे बघत होते. आता हे पत्र कायमचं तसंच राहणार होतं.

जुन्या प्रतिवेदकांना एक खोड लागते. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना पुढचा शब्द आधीच कळतो आणि हात बोलणाऱ्याच्या पुढे धावतो. नव्या माणसाला ही चूक करायची म्हटली तरी जमत नाही.

“अध्यक्ष महोदय,” लोणारे म्हणाले, “कुणीच काही बोलत नाहीये, आणि हे लिहितायत.”

“काय लिहिलंत, वाचा,” अध्यक्ष म्हणाले.

लाटकरांनी वहीत पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी खालमानेने वाचलं, “श्री. लाटकर, दोन बिंदू, होय.”

लोणाऱ्यांनी हरकत घेतली की हे सदस्य नाहीत. अध्यक्षांनी दाढी खाजवली. ते म्हणाले की कार्यवृत्तात जे आलं ते इथे बोललं गेलं असंच धरतात. तसं धरलं नाही, तर आपण सगळे इतकी वर्षं इथे बोलत होतो याला तरी पुरावा काय. लोणाऱ्यांनी विचार केला आणि हरकत मागे घेतली. नाहीतरी पाठीत भिंतीचा खिळा टोचतोय, असंही ते म्हणाले.

“पण चुकून लिहिलं असेल तर आत्ताच खोडा,” अध्यक्ष म्हणाले. “रबर आहे ना?”

रबर कोटाच्या खिशात होतं. एकतीस खर्डे त्यानेच खोडून ते बोराएवढं झालं होतं. लाटकरांनी ते काढलं आणि त्या शब्दापाशी नेलं. ‘होय’ अजूनही उतावीळच दिसत होतं. एकशे अठ्ठ्याऐंशी माणसांनी श्वास धरला, आणि त्यामुळे थोडी जागा झाली.

“राहू दे,” लाटकर म्हणाले.

एकतीस वर्षांच्या नोकरीत ते सभागृहात प्रथमच बोलले होते. आपला आवाज त्यांना शेजारच्या माणसाचा वाटला.

ठराव पंच्याण्णव विरुद्ध चौऱ्याण्णव मतांनी संमत झाला. भिंती जागच्या जागी थांबल्या. लाटकरांनी कोरं पान घेतलं आणि लिहिलं, ‘वैराळे बाई, स. न. वि. वि.’

पण कुठलाही मजकूर दुरुस्तीवाचून जाऊ द्यायची सभागृहाला सवय नव्हती. सोनटक्क्यांनी दुरुस्ती सुचवली की ‘विलंबाबद्दल दिलगीर आहे’ असं घालावं. मतं पडली. लाटकरांचं मत त्या एका ठरावापुरतंच होतं. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव. भिंती सरकल्या आणि अध्यक्ष आसनावरून टेबलाच्या कोपऱ्यावर आले. लोणाऱ्यांची दुरुस्ती अशी की दिलगिरी नको, आधी प्रकृतीची चौकशी करावी, बाईमाणूस आहे. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव. आता सगळ्यांचे खांदे एकमेकांत अडकले. दाराची नुसती आडवी फट उरली, दोन बोटं उंच, लाटकरांच्या छातीशी. बाहेर दुपार होती. तेवढं ऊन कागदावर पडलं होतं.

कास्देकरांच्या हातात तिसरी दुरुस्ती होती. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि कागद पदराखाली घेतला.

“मी मांडत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आवरा, लाटकर साहेब.”

लाटकरांनी लिहिलं, ‘होय.’ खाली नाव घातलं. पुढे आणखी एक वाक्य सुचत होतं, चांगलं होतं, पण त्यांनी ते लिहिलं नाही. पाकीट सोनटक्क्यांकडे निघालं. अध्यक्षांच्या डायरीत तिकीट होतं. डिंकाला जीभ लावायची तयारी लोणाऱ्यांनी दाखवली, पण त्यांच्या तोंडात तंबाखू होती, म्हणून ते काम कास्देकरांनी केलं. पत्ता लाटकरांनी स्वतः लिहिला. तो त्यांना पाठ होता.

त्यांचं कोपर सरळ व्हावं म्हणून दोन्ही बाजूंचे सगळे एकेक सूतभर सरकले. कुणाचातरी हुंदका ऐकू आला, कुठल्या बाजूचा ते कळायला मार्ग नव्हता. लाटकरांनी पाकीट फटीत घातलं आणि पुढे लोटलं. अर्धं बाहेर गेलं.

बाहेरून कुणीतरी ते धरलं. ओढलं नाही, सांध्यातल्या त्या एका मिनिटासारखं नुसतं धरून ठेवलं.

लाटकरांनी बोटं सोडली.