ताराबाईंचा काळा पडदा

मी इचोड्याच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीतला, जुना रंगीत मॉनिटर आहे, मित्रांनो. आता माझ्या पाठीवर कापसाची धूळ साचते. पण १९९६ च्या हंगामात माझी ऐट काही औरच होती.

माझ्याआधी तिथे काळ्या काचेवर हिरवी अक्षरे दाखवणारा मॉनिटर होता. त्याच्यावर ताराबाई कापसाच्या गाड्यांची वजने भराभर टाइप करत. मी आलो तो नव्या प्रोग्रामसकट, लख्ख पांढरा! सगळे माझे कौतुक करत होते आणि ताराबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. लहानपणच्या एका दुखण्यापासून त्यांना झगझगीत उजेड सोसत नसे. बिचाऱ्यांनी ग्रहण पाहायची एक्स-रेची फिल्म माझ्या काचेवर बांधली. तिच्यात कुणाच्या तरी बरगड्या होत्या! त्यांच्या आड तीनचा आकडा आठ वाटला आणि एका गाडीचे वजन चुकले.

"ताराबाई, सोमवारपासून दुसरं मानूस पाहा लागते," व्यवस्थापक बाबाराव म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम लिहिणारे खुशालराव आदिलाबादहून आले. ताराबाईंनी त्यांना सरळ विचारले, "खुशालभाऊ, जुन्यासारखा काया पडदा काऊन नाही ठेवला? मले हा उजेड सहन होत नाही."

खुशालरावांनी पडदा काळा केला, तर अक्षरेही काळीच!

"आता तं काईच दिसून नाही राह्यलं," ताराबाई हसल्या.

दुसरा असता तर वैतागला असता. खुशालरावांनी मात्र प्रोग्रामच्या चौकटीचौकटीत वेगवेगळे लिहिलेले रंग एका ठिकाणी आणले, म्हणजे तिथे बदलले की सगळीकडे बदलावेत. पडदा काळा हवा की पांढरा, हे समोर बसणाऱ्याने ठरवायचे, अशी सोय केली. चूक झाल्याची सूचना लाल अक्षरांत यायची आणि काळ्यावर बुजायची. तिला पिवळा रंग दिला. काय चिकाटी त्या माणसाची!

सोमवारी दुसरे माणूस बसवण्याआधी एकदा पाहू म्हणून बाबाराव स्वतः खुर्चीमागे उभे राहून वजने सांगू लागले. ताराबाई एकदाही डोळे न पुसता टाइप करत गेल्या. दुपारपर्यंत एकही आकडा चुकला नाही.

"तुमीच बसा, ताराबाई," एवढेच बोलून बाबाराव वजनकाट्याकडे गेले. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

मित्रांनो, एखादी वस्तू बनवाल, तेव्हा ती वापरणाऱ्याला आधी विचारा. ताराबाईंना कुणीच विचारले नव्हते. त्या स्वतः बोलल्या, म्हणून त्यांची खुर्ची वाचली. न बोलता उठून गेलेले कितीतरी असतील.