गोणपाटाखालचे चार अंश

बर्फ पडला असता तर केशवराव तायड्यांच्या पदरात काय पडणार होतं, याचा हिशेब मी तेव्हाच करून ठेवला होता. पगारवाढ नाही, बढती नाही. बहारीनच्या सित्रा बेटावरच्या आमच्या कारखान्यात त्यांना ‘यू, इन्स्ट्रुमेंट!’ अशी हाक मारणारा इंजिनिअर कदाचित ‘मिस्टर तायडे’ म्हणाला असता. आणि चौथीतल्या जागृतीला शाळेत सांगता आलं असतं, की बहारीनमध्ये बर्फ पडणार हे सगळ्यांत आधी माझ्या पप्पांना कळलं. एवढंच. पण एवढ्यासाठीही माणूस रोज पहाटे सव्वापाचला टॉर्च घेऊन गच्चीवर चढतो.

ब्याण्णव सालचा जानेवारी होता. तिकडे अम्मानला बर्फ पडल्याचं रेडिओने सांगितलं आणि उम्म अल हस्सममधल्या आमच्या बिल्डिंगीत बर्फाचं मंडळ निघालं. सभासद तीन. केशवराव अकोल्याचे, कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. ऑगस्टीन वसईचा, एका हॉटेलात स्टोअरकीपर. तिथे उतरणाऱ्या वैमानिकांकडून तो वरच्या हवेच्या खबरा काढायचा. तिसरा खाली तंदूर चालवणारा ताहिर. तो पाकिस्तानातल्या डोंगराळ मुलखातला, त्यामुळे तिघांत खरा बर्फ पाहिलेला तो एकटाच, आणि म्हणूनच त्याचा सर्वांत कमी विश्वास.

“तायडे भाई, बर्फ गिरने से पहले आसमान चुप हो जाता है,” तो म्हणायचा. “यहाँ तो शमाल चिल्ला रहा है.” शमाल म्हणजे तिकडचा उत्तरेचा कोरडा वारा.

मी सभासद नव्हतो. मी, विश्वजीत, नागपूरचा, केशवरावांच्याच वर्कशॉपमधला क्लार्क, त्यांच्या वरच्या खोलीत एकटा राहणारा. केशवरावांच्या बायकोचा, कांतावहिनींचा डबा रोज संध्याकाळी जागृतीच्या हातून माझ्या दारात यायचा. तो खाऊन मी त्यांच्या नवऱ्याची मजा बघायचो.

केशवरावांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या उत्तरेच्या भिंतीला संत्र्यांचं खोकं ठोकलं होतं. ऊन लागू नये म्हणून त्याला दुहेरी गोणपाट गुंडाळलं होतं आणि आत थर्मामीटर टांगला होता. थर्मामीटर पक्का. शॉपमध्ये त्यांचा नेमच होता: कुठलंही तापमानाचं यंत्र आधी ठेचलेल्या बर्फात बुडवायचं, शून्यावर आलं तरच पुढची बात. “बर्फात शून्य दाखवत नाही त्याच्यावर माही सही नाही,” म्हणायचे. घरचा थर्मामीटरही तसाच तपासलेला.

त्या यंत्रावर पहाटे चार-पाच अंश दिसायचे. रेडिओ सांगायचा आठ-नऊ.

“रेडिओवाल्यांचा काटा विमानतळावर,” केशवराव समजावायचे. “तिथं आजूबाजूनं समुद्र. पाणी ऊब धरते. आपल्या इथं खरी हवा हाये.”

पटण्यासारखं होतं. कंपनीच्या बसमध्ये मागून आवाज यायचा, “तायडे साब, बर्फ मफी!” मफी म्हणजे अरबीत ‘नाही’. आणि सगळे हसायचे. पण आकडा काय आला, हे मात्र रोज विचारायचे. एकदा तर इंजिनिअरने शॉपमध्ये येऊन विचारलं. त्या दिवशी केशवरावांनी डब्यातलं निम्मं जेवण तसंच ठेवलं. पोट आधीच भरलं होतं.

मला कळलं ते एका सोमवारी. टाकीजवळच्या तारेवर मी रोज संध्याकाळी माझा बॉयलर सूट, कारखान्यातला अंगभर पोशाख, वाळत घालायचो. पिळायचा कंटाळा, म्हणून निथळता. त्या सकाळी चिमटा खाली पडला तो काढताना हात गोणपाटाला लागला. चिंब ओलं. वर बघितलं, तर माझ्या सुटाच्या दोन्ही पायांचं पाणी रात्रभर थेट खोक्यावर ठिबकलेलं. ओलं गोणपाट आणि त्यातून जाणारा कोरडा वारा. त्याने आतली हवा कशी गार होते, ते आम्हा विदर्भातल्या माणसांना कुणी शिकवायला नको. प्रत्येक उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून वाढलेलो आम्ही. केशवरावांनी बहारीनच्या गच्चीवर, भर जानेवारीत, कूलर बांधला होता, आणि त्यात रोज पाणी मी भरत होतो.

तेही हात लावायचे त्या गोणपाटाला. “दव पडते बे भलतं,” म्हणायचे. शमाल सुटलेला असताना दव कुठलं, हे त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. स्वतःला विचारलं नाही.

मी सांगायला हवं होतं. बसमध्ये शेजारीच बसायचे. पण जे सगळ्यांना उद्या कळणार ते आज फक्त आपल्यालाच माहीत आहे, यात एक गोडी असते. मी ती चाखत राहिलो. सोमवारी नाही सांगितलं, मंगळवारी नाही. बुधवारी केशवरावांनी बसमध्ये उभं राहून जाहीर केलं, “शुक्रवारी पहाटे. लिहून घ्या.” ऑगस्टीनचे वैमानिक म्हणाले होते, उत्तरेकडून ढग निघालेत. जागृतीने शाळेत वर्गासमोर सांगितलं. टीचरने फळ्यावर लिहून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी मी बॉयलर सूट बादलीतून उचलला, नीट पाणी भरू दिलं आणि खोक्याच्या बरोबर वर टांगला. हे चुकून झालं असं म्हणायची सोय नाही.

शुक्रवारी पहाटे गच्चीवर तीस-पस्तीस माणसं. मुलांनी स्वेटरांवर स्वेटर चढवलेले. गोळा करून खायचा म्हणून कुणी स्टीलचे पेले आणि गुलाबी सरबताची बाटली आणलेली. ऑगस्टीनने बर्फाच्या माणसाला नाक म्हणून हॉटेलातलं गाजर आणलं होतं, आणि सोबत हॉटेलच्या कोल्ड स्टोअरचा थर्मामीटर. “दोन आकडे असले की पुरावा पक्का होतो, मॅन.”

ढग आले. चार थेंब पडले, पाण्याचे. मग मआमीर गावाच्या बाजूला उजाडलं आणि स्वच्छ ऊन पडलं.

“ताहिर भाई, यही है क्या आपका बर्फ?” कुणीतरी विचारलं. गच्ची हसली. केशवरावही हसले, तोवर ठीक होतं.

मग ऑगस्टीनने भिंतीच्या टोकाला लावलेला आपला थर्मामीटर काढून आणला. “नऊ. तुमचा?”

केशवरावांनी खोक्यात बघितलं. “चार.”

“कुणाचा तरी खोटा आहे.”

“माहा नाही.” केशवरावांचा आवाज चढला. “कांता, बर्फ आण!”

वहिनींनी फ्रिजमधला बर्फ ठेचून पातेल्यात आणला. दोन्ही थर्मामीटर त्यात उभे केले. सगळे वाकून बघत होते. केशवरावांचा शून्यावर आला. ऑगस्टीनचाही शून्यावर आला.

“दोन्ही बरोबर,” ऑगस्टीन म्हणाला. आणि हळूच, “मग केशवराव, तुम्ही रोज वाचत काय होता?”

बसमधली चार माणसं तिथे होती. ‘खलास,’ त्यांतला एक पुटपुटला. यंत्र खरं ठरलं, म्हणून माणूस खोटा ठरला, आणि ते सिद्ध करायला बर्फ त्याच्याच घरातून आला.

जागृती खोक्यापाशी गेली, तिने गोणपाट दाबलं. “पप्पा, इट्स वेट.”

“दव असते ते,” ते म्हणाले.

तिने मान वर केली. तारेवर माझा बॉयलर सूट होता, खिशावर माझा नंबर शिवलेला. पायातून एक थेंब सुटला, तिच्या कपाळावर पडला. तिने तो पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “यल्ला, चला चला, खाली चहा घेऊ.”

त्या दुपारी केशवरावांनी खोकं उचकटलं. पुढच्या आठवड्यात इंजिनिअरने शॉपला कागद पाठवला: तायडेंच्या तपासणीच्या प्रत्येक स्लिपवर यापुढे दुसऱ्या टेक्निशियनचीही सही घ्यावी. तो रकाना आखायचं काम माझ्याकडे आलं. मी पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. केशवराव शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, “जरा रुंद ठेव, विश्वजीत. दुसऱ्याले सही कराले जागा पायजे.”

त्याआधी, खोकं उचकटल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखा डबा आला होता. आणणारी जागृतीच. शाळेत काय झालं ते मी विचारलं नाही. डोळे सुजलेले दिसत होते. एरवी इंग्रजीत बोलणारी पोरगी त्या दिवशी मराठीत म्हणाली, “काका, मी पप्पांना नाही सांगितलं. त्यांना तुम्ही आवडता.”

आता जमाखर्च. ऑगस्टीनचं एक गाजर गेलं. ताहिरचं काहीच गेलं नाही, तो पहिल्यापासून खरं बोलत होता. केशवरावांची वीस वर्षांची एकट्याची सही गेली. जागृतीला नवव्या वर्षी बापापासून एक गोष्ट लपवायला शिकावं लागलं. माझा बॉयलर सूट दुपारपर्यंत वाळला, आणि डबा मी सगळा खाल्ला.