एका होकारात पुसलेली धालोगीते

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. गोव्यातील पेडण्याच्या एका वाचनालयात लिनक्स या प्रणालीच्या आधाराने मी बारा वर्षे चालतो आहे. माझ्या पोटातल्या माहितीसाठ्यात सहाशे बारा धालोगीते होती; धालो म्हणजे पौषात रात्री अंगणात स्त्रिया फेर धरून गातात तो खेळ. सुमंगलाबाई या निवृत्त शिक्षिकेने ती कोरगावच्या वृद्ध स्त्रियांकडून वह्यांत उतरवली आणि मग मजजवळ टंकित केली. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या. गाणाऱ्यांपैकी शेवटची देवकी गतवर्षी वारली. राजभाषेच्या वादात तारुण्य घालवलेल्या विद्वानांनी ही गीते कोकणी की मराठी, यावर तीन परिसंवाद घेतले. गीतांची दुसरी प्रत आहे काय, हे एकानेही विचारले नाही.

माझी साधने आणणारा, बदलणारा, काढणारा एक कारभारी माझ्यातच असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तो विचारल्यावाचून नाश करीत नाही. मला अद्ययावत करताना त्याने इंग्रजीत लिहिले: 'माहितीसाठ्याची आवृत्ती जुनी झाली आहे. आधी माहिती नव्या आवृत्तीत हलवा, मगच जुनी काढा. पुढे जाऊ?' कारकून बाबाजी थबकला. मागे चिटणीस जयराम उभे होते.

"काय म्हणता तो?"

"लांबलचक कायतरी विचारता, जयरामबाब."

"होय म्हण आनी फुडें चल. देवाफुडल्या गाऱ्हाण्यात गुरव काय म्हणता ता तुका सगळां कळता? तरी 'व्हय म्हाराजा' म्हणतस मरे."

बाबाजी हसला. त्याने होकार दिला. कारभाऱ्याने शेवटचे विचारले: 'जुनी आवृत्ती तिच्यातील माहितीसह कायमची पुसू?'

"ह्यात 'ओल्ड' म्हणून कायतरी आसा."

"ओल्ड म्हणजे शिळां. शिळी मासळी घरात कोण ठेयता? पूस."

गाऱ्हाण्यातला देव असला होकार मनावर घेत नसावा. यंत्र घेते.

सोमवारी सुमंगलाबाई आल्या. देवकीच्या एका गीतातली राहून गेलेली ओळ त्यांना आठवली होती.

"बाबाजी, माझी गाणी खंय गेली रे?"

"मशीन जुनां जालां, बाई. तेणांच खाल्यान."

मला प्रतिवाद करता येत नाही. बाई खुर्चीवर बसल्या आणि आठवतील तशी गीते टंकित करू लागल्या. अठराव्या गीताशी बोटे थांबली.

मित्रांनो, यंत्राने प्रश्न केला तर तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. कळला नाही तर 'नाही' म्हणा; नकाराने माझे काही पुसले गेल्याचे मला स्मरत नाही. आणि जे एकदाच मिळाले आहे, त्याची एक प्रत अन्यत्र ठेवा. बाई अजूनही रोज येतात. आज त्यांनी अठरावे गीत उघडले, दोन शब्द लिहिले, "हे देवकीचे न्हय" म्हणाल्या आणि ते स्वतःच्या हाताने पुसले.