कुटुंबप्रमुख

"मूळ कार्ड लागतं, ताई. झेरॉक्स चालत नाही," इस्पितळातल्या मोफत उपचार योजनेच्या टेबलामागचा आरोग्यमित्र म्हणाला. "मुलीचं नाव वळसंगच्या रेशनकार्डावर आहे. ते संध्याकाळपर्यंत आणा. आज मंजुरी मागितली तरच उद्या ऑपरेशन होईल. पुण्याचे डॉक्टर परत महिन्यानं येणार."

सिद्धेश्वरीनं वॉर्डाकडं पाहिलं. सहा वर्षांची रुद्राणी, हृदयाला छिद्र. जरा चालली तरी ओठ निळे पडायचे. ती महिनाभर तग धरेल असं कुणीच म्हणत नव्हतं.

भवानी पेठेतल्या कारखान्यात टॉवेलना शिलाई मारून तिनं पोरीला एकटीनं वाढवलं होतं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून वळसंगचं सासर सोडलं, तेव्हाच त्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवलं होतं. शेजारच्या बसव्वाला मुलीपाशी बसवून ती वळसंगच्या जीपमध्ये चढली.

नवरा, महेश्वर, ओसरीवरच होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणाचीच तिला जास्त भीती वाटायची.

"देतो की कार्ड," तो म्हणाला. "पर नाव हितं अन् मानूस तितं, असं कसं चालंल? ऑपरेशन झालं की पोरीला घेऊन हितंच नांदायचं. गल्लीसमोर कबूल कर."

तिनं अंगणाकडं पाहिलं. ऊन उतरू लागलं होतं.

"येते. आत्ता कार्ड तेवढं द्या."

"चार मानसं तर गोळा हुंदे."

तेवढ्यात सासू, निंगव्वा, बाहेर आली. सुनेवर हात उठायचा तेव्हा ही बाई चुलीकडं तोंड करून बसायची. आता तिच्या हातात कार्ड होतं.

"आये, आत ठेव ते."

"ह्याच्यावर कुटुंबप्रमुख कोन हाय रं?" निंगव्वानं कार्ड छातीशी धरलं. "मी. मग कुनाला द्यायचं, ते मीच ठरवीन."

महेश्वर ताडकन उठला. निंगव्वा मागं सरली नाही.

"मार की. दार उगडं हाय, गल्ली बगू दे."

त्याचा हात थबकला. "नडी, चल," म्हणत तिनं सुनेचं मनगट धरलं आणि दोघी झपझप निघाल्या.

"आये, गेलीस तर परत यायचं न्हाय!" मागून तो ओरडला.

वाटेत प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला सिद्धेश्वरी मागं बघत होती. कार्ड पोचलं तेव्हा आरोग्यमित्र संगणक बंद करायच्या बेतात होता. सकाळी मंजुरी आली आणि रुद्राणीला आत नेलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. छिद्र बुजवलं, म्हणाले. सिद्धेश्वरी मटकन बाकावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. निंगव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली,

"पोरगी घरी आली की तिच्यापाशी कोन बसनार गं? तू तर कामाला जाशील."

"तुमी हाय की, अत्ती."

निंगव्वानं पाय बाकाखाली ओढून घेतले. सिद्धेश्वरीनं खाली पाहिलं. कालच्या घाईत म्हातारी अनवाणीच निघाली होती. सिद्धेश्वरीनं स्वतःच्या चपला काढल्या आणि सासूच्या पायांपुढं सरकवल्या.

"घाला. फरशी लई गार हाय."