पडद्याआडची खाट

पहाट सरली की पनवेलच्या आमच्या इस्पितळात आधी फिनेलचा वास येतो. दयाराम फरशी पुसतो, मालू सिस्टर भांडी विसळून प्रत्येक उशाशी पाणी ठेवते आणि अबीगेल सिस्टर खाटेखाटेशी थांबून ताप बघते. १९५६ सालच्या त्या सकाळीही हेच झाले. फक्त एक खाट राहून गेली. तिच्याभोवती मी उभा होतो.

मित्रांनो, मी या वॉर्डातला जुना पडदा आहे. सागवानी तीन चौकटी, त्यांवर पांढरे मांजरपाट, खाली लोखंडी चाके. अंग पुसताना आजाऱ्याची लाज राखावी, एवढ्यासाठी सुताराने मला घडवले आणि सर्वांनी माझे कौतुक केले. पुढे एक रीत पडली. डॉक्टरांनी निराशेने मान हलवली की मला त्या खाटेभोवती लावायचे. इतरांना मरण दिसू नये, हा हेतू चांगलाच होता. पण मी लागलो की तिकडे वळणारी पावलेही थांबत. जो तो समजे, आत कोणीतरी असेलच.

आदल्या रात्रीपासून आत काशिराम होता. मिठागरात राबलेला म्हातारा. त्याची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. मालूला वाटले, अबीगेलने पाणी दिले असेल. अबीगेलला वाटले, मालूने. दोघींच्या मध्ये मी होतो.

अखेर व्हरांड्यात बसलेली त्याची बायको भामा मला सारून आत आली आणि ओरडली, "बाय गो, यांच्या तोंडात कोनी पानी घातलाय का नाय?"

अबीगेल धावत आली. काशिरामच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

"भामाबाई, रात्रभर तुम्ही बाहेरच? आत का नाही आलात?"

"परदा हाय ना! आमाला वाटला, आत तुमचा काम चाललाय."

अबीगेलने कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांवर हळूहळू पिळला. काशिराम पुटपुटला, "जलम मिठात गेला. मरतानाबी तोंडात मीठच ठेवता का, सिस्टर?"

"गप रवा नि पानी प्या," भामा म्हणाली.

दुपारी तो गेला. त्याचा हात भामाच्या हातात होता आणि ओठ ओले होते. पण रात्रभरची तहान? त्याच्याआधी माझ्याआड गेलेल्यांची तहान? मी त्यांची लाज राखली, आणि त्यांची हाकही अडवली. मित्रांनो, आजाऱ्याला आडोसा जरूर द्या. पण आडोसा केला म्हणजे सेवा झाली, असे मानू नका.

संध्याकाळी अबीगेल पेचकस घेऊन आली आणि परिचारिकांच्या टेबलाकडची माझी चौकट सोडवू लागली.

"अगं, चांगला पडदा मोडतेस?" मालू म्हणाली. "मेट्रन ओरडतील हं!"

"ओरडू देत."

सुटलेली चौकट तिने स्वतः उचलून कोठीत ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या उरलेल्या दोन चौकटी कोपऱ्यातल्या खाटेशी लागल्या. उघड्या बाजूला अबीगेलने स्टूल मांडले, आणि व्हरांड्यात जाऊन त्या आजाऱ्याच्या मुलीला हाताला धरून आत आणले.