स्वगत ऐकायचं नसतं

नाटक शिकवणाऱ्या बाईंना घोकंपट्टीचा मनस्वी तिटकारा. त्यांच्या फळ्यावर शब्द लिहिलेले असत: शोकांतिका, नायकाचा प्रमाद, नाट्योपरोध, स्वगत, भावनांचं विरेचन. पण व्याख्या पाठ करायला सक्त मनाई. प्रत्येक शब्द करून दाखवायचा. त्यामुळे त्यांच्या तासाला कुणी डुलक्या काढत नसे आणि शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांचं डोकं मात्र रोज उठे.

स्वगताचा नियम सगळ्यांत कडक होता. एकाने पुढे येऊन मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी बहिरं व्हायचं. नंतरही त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, खुद्द बाईंनीसुद्धा. "रंगमंचावर शेजारी उभा असलेल्यालाही स्वगत ऐकू येत नाही," त्या बजावत. या नियमावर मुलांचा एवढा भरवसा, की भलीभली घुमी पोरं तिथे मोकळी होत. बाईंना त्याचा अभिमान होता, जरा जास्तच.

त्या सकाळी गप्पी उठली. वर्षभर मूग गिळून बसणाऱ्या मुलीला वर्गाने ठेवलेलं हे नाव. ती आपणहून उठली, याचाच बाईंना कोण आनंद झाला.

"माझे बाबा हसायला लागलेत," गप्पी म्हणाली. "आई गेली, मग कारखाना बंद पडला, तेव्हापासून नुसते खुर्चीत बसून असायचे. काल मात्र चक्क गुणगुणत घर आवरलं. स्वतःची हत्यारं शेजारच्या काकांना देऊन टाकली. कुत्राही त्यांनाच दिला. मी रडले, तर म्हणाले, अगं, तिथे त्याला अंगण आहे. आज सकाळी त्यांनी माझी वेणी घातली. म्हणाले, शाळा सुटली की थेट आत्याकडे जा, तिकडेच राहा. आता काळजी नाही, सगळं मिटलं. मला वाटतं, त्यांना काम मिळालंय. मला चकित करायचं असेल."

ती हसली आणि जागेवर जाऊन बसली. नियमाप्रमाणे कुणी हूं की चूं केलं नाही.

"पुढचा," बाई म्हणाल्या. सवयीने तोंडून निघून गेलं.

वर्गातला नकल्या उठला आणि पोट धरून उपाशी राजाचं स्वगत म्हणू लागला. बाईंना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. नियम मोडला तर ही मुलगी पुन्हा तोंड उघडणार नाही. ही काय, कुणीच उघडणार नाही. आणि आपलंच चुकत असेल तर? माणसाला खरंच काम मिळालं असेल आणि आपण त्याच्या दारात जाऊन तमाशा करायचा?

त्यांची नजर फळ्यावर गेली. नाट्योपरोध: प्रेक्षकांना कळलेलं असतं, पात्राला नसतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी ऐटीत सांगितलं होतं, "प्रेक्षकाला उठून सावध करता येत नाही, म्हणून तर ती शोकांतिका!" मोठी शहाणी लागून गेलीस, असं त्या स्वतःलाच म्हणाल्या. राजा अजून भुकेने कळवळत होता तोच त्या ताडकन उठल्या.

"गप्पी, घराची चावी आहे ना तुझ्याकडे? चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी. आत्ताच्या आत्ता."

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"म्हणजे तुमचा नियम खोटा होता."

"खोटा तर खोटा. ऊठ!"

कारकुनाला ॲम्ब्युलन्स तिच्या पत्त्यावर पाठवायला सांगून बाई धावत सुटल्या. घर शाळेमागच्या दुसऱ्याच गल्लीत होतं. धापा टाकत त्यांनी तिच्या बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गप्पी मागून फुरंगटून येत होती. "त्यांनी ठरवलेलं सगळं तुम्ही वाया घालवणार," ती म्हणाली. बाईंना रडू आवरेना. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला अक्षरशः ओढत नेलं.

दार ठोठावलं, पण आतून कुणी ओ दिली नाही. गप्पीने आता घाईघाईने चावी फिरवली.

तिचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. दाढी नुकतीच केलेली. समोर पाण्याचा ग्लास आणि गोळ्यांची बाटली. बाईंनी आधी झडप घालून बाटली उचलली. झाकण उघडं होतं, पण बाटली गच्च भरलेली होती.

बाबांनी बाईंकडे पाहिलंही नाही. ते मुलीवर ओरडले, "तुला आत्याकडे जायला सांगितलं होतं ना! इथे कशाला आलीस?"

गप्पीने टेबलाकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. तिला कळलं. ते कळताना बाईंनी तिचा चेहरा पाहिला, आणि त्यांना तो बघवला नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी बाईंना विचारलं. आवाज आता अगदी खाली आला होता.

बाई काही बोलणार, त्याआधी मुलगीच बोलली.

"मी सांगितलं. सगळ्या वर्गासमोर." ती त्यांच्यापर्यंत गेली आणि त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरून उभी राहिली. "मी खूश होते, बाबा."