तीन गावांचं एक इंजिन

१९६४ सालचा वैशाख. धाडकड भागातल्या तीन ग्रामपंचायतींनी मिळून मला विकत घेतलं. मी पाच घोड्यांचं ऑइल इंजिन. एका पंचायतीची ऐपत नव्हती. काम एकच. गावविहिरीचं पाणी उपसायचं, म्हणजे माणसांना खाली उतरून गाळ काढता येतो.

पैसे एकत्र आले, भरवसा आला नाही. मला वरच्या गावात ठेवलं, पट्टा मधल्या, हँडल खालच्या. कोणी एकट्याने चालवू नये, ही त्यांची अक्कल. हँडलवाला लग्नाला गेला की मी ताडपत्रीखाली पडून. झिजलो कमी, गंजलो जास्त.

दर उन्हाळ्यात एका गावाची पाळी; तिसऱ्या उन्हाळ्यात वरच्या गावाची आली. सरपंच शेषरावांनी पट्टा, हँडल, मजूर सगळं जमवलं. मला विहिरीवर नेलं. तेवढ्यात मधल्या गावचे सरपंच रंगराव धापा टाकत आले.

"शेषराव, आमच्या विहिरीत म्हशीची वगार पडून मेली. गावाले दुसरं पानी नाही. इंजिन द्या."

"मांगच्या साली पट्टा मांगला तं तुमी म्हनलं, मीटिंग घेतो. झाली काय मीटिंग?"

रंगराव खाली पाहत म्हणाले, "पुढच्या साली आमची पाळी तुमची."

शेषरावांच्या बायको मंजुळाबाई घागर घेऊन तिथंच होत्या. "अन् आमी सालभर गढूळ प्याचं काय?"

शेषराव उठले. "मंग मेल्या वगारीचं पानी त्याइच्या लेकरायले पाजू काय?" गाडीवानाला म्हणाले, "जुंप बे बैल."

मी गेलो. ती विहीर उपसून दिली. परत आलो तोवर मजूर दुसऱ्या कामावर निघून गेले होते. वरच्या गावानं वर्षभर फडक्यानं गाळून पाणी प्यायलं. शेषराव दिसले की लोक म्हणत, "आले दानशूर."

पुढचा वैशाख आला. पाळी मधल्या गावाची. रंगरावांची गाडी शेषरावांच्या दारात थांबली तेव्हा मला वाटलं, न्यायला आले. चला, अजून एक फेरी. पण गाडीत मला कोणी चढवलं नाही. गाडीतून मजूर उतरले, पट्टा-हँडल उतरलं, फावडी उतरली, डिझेलचा डबा उतरला.

"तुमच्या गावानं येऊ देल्लं?" शेषरावांनी विचारलं.

"शिव्या देल्ल्या."

वरच्या गावच्या विहिरीवर मी दोन दिवस धूर ओकत चाललो. छाती दुखते आता, पण चाललो. गाळाचा ढीग लागला. तळाशी झरे मोकळे झाले.

मंजुळाबाईंनी नव्या पाण्याचा तांब्या दिला. रंगरावांनी तो उभ्यानंच पिऊन परत केला आणि बैल जुंपले. पाळी फिटली.